डोळ्यात कायतरी फिरायलंय

“आत्ता होतं, मॅडम. आत्ता इथंच होतं,” महानंदा म्हणाली आणि नवऱ्याच्या उजव्या डोळ्याकडे बोट करून तशीच उभी राहिली.

मी पुन्हा स्लिट लॅम्पमधून पाहिलं. डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेल्या बहुतेकांनी हे यंत्र पाहिलेलं असतं. पेशंट हनुवटी टेकवून बसतो, समोरून डॉक्टर त्याच्या डोळ्यावर उजेडाची एक बारीक फट टाकतो आणि भिंगातून सगळं मोठं होऊन दिसतं. बसवराजचा डोळा थोडा लाल होता. पापणी जराशी सुजलेली. बाकी काही नव्हतं.

“काय दिसतं नेमकं?” मी विचारलं.

उत्तर तिनंच दिलं. “दोऱ्यावानी हाय. पांढरं, बारीक. यांच्या डोळ्यात कायतरी फिरायलंय, मॅडम. कानाकडच्या कोपऱ्यातून येतंय, पांढऱ्या भागावरनं सरकत जातंय अन् नाकाकडं गायब होतंय.”

“दुखतं का?”

“दुखत न्हाई,” आता तो हळूच बोलला. “वळवळतंय. आता चाललंय, एवढं कळतंय मला.”

त्यांच्या पिशवीत आधीच्या चिठ्ठ्या होत्या. एकीत ॲलर्जीचे ड्रॉप्स. दुसरीत डोळे आल्याचे. तिसऱ्या ठिकाणी काहीच सापडलं नाही, तेव्हा एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं होतं. त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. दोऱ्यासारखं काहीतरी फिरतं, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे रोज कोणीतरी येतं. त्याला आम्ही फ्लोटर्स म्हणतो. डोळ्याच्या आतल्या जेलीत बारीक तंतू तयार होतात आणि त्यांची सावली पेशंटला दिसते. त्यात घाबरण्यासारखं फारसं काही नसतं.

पण फ्लोटर्स पेशंटला दिसतात, त्याच्या बायकोला दिसत नाहीत. इथं तर पाहणारी ती होती.

“काम काय करता?” मी विचारलं.

“बोअरच्या गाडीवर हाय. ड्रिलिंग ऑपरेटर.”

“इथंच? लातूरला?”

“आता सुटून आलोय. आधी कॅमेरूनला होतो. आफ्रिकेत.”

मी हातातला पेन खाली ठेवला.

“तिथं जंगलात राहायचात?”

“जंगलातल्याच गावात काम असायचं. गाडी न्यायची, बोअर मारायचा, हातपंप बसवायचा, पुढच्या गावाला जायचं. लई झाडी.”

“माश्या चावायच्या?”

“लाल माशी म्हणायचे तिकडं. दिवसाच चावायची. डासापेक्षा मोठी. शर्टावरनं चावायची बगा. आम्ही पाला जाळून धूर करायचो तर ती जास्तच यायची.”

एमबीबीएसच्या पुस्तकात या आजारावर एक परिच्छेद आणि एक धुरकट फोटो होता. लोआ लोआ. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातली एक माशी चावताना माणसाच्या अंगात जंताची पिलं सोडते. ती कातडीखाली वाढतात, बोटभर लांबीचे दोरे होतात आणि वर्षानुवर्षं अंगभर फिरत राहतात. मनगट अचानक सुजतं, आपोआप उतरतं. आणि एखादा जंत कधीतरी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पारदर्शक पडद्याखालून जातो. तेवढ्याच वेळात तो बाहेरच्याला दिसतो.

“हाताला सूज येते का मधे मधे?”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं?” महानंदा म्हणाली.

मला खात्री नव्हती. नुसत्या शंकेवर मी कुणाच्या डोळ्याला चिमटा लावणार नव्हते. मी त्यांना सांगितलं, “आज घाई करू नका. बाहेर बाकावर बसा. महानंदाताई, तुम्ही यांच्या डोळ्याकडे बघत राहायचं. दिसलं की मला हाक मारायची. मी आत काय करत असले तरी चालेल.”

मग त्या बाकावर जे चाललं, ते माझ्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच पाहिलं. महानंदा नवऱ्याकडे तोंड करून बसली आणि त्याच्या डोळ्यात बघत राहिली. आमच्याकडे चारचौघांत बायका नवऱ्याशी मान वर करून बोलत नाहीत, आणि ही खेड्यातली, डोक्यावर पदर घेतलेली बाई भरलेल्या ओपीडीत त्याच्या डोळ्यातून नजर काढत नव्हती. चष्म्याचा नंबर काढायला आलेली ‘नीट’ परीक्षेच्या क्लासची दोन मुलं एकमेकांना कोपर मारत हसत होती. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. मधे एकदा बसवराज लाजून खाली बघायला लागला, तर ती म्हणाली, “वर बगा. इकडं. माझ्याकडं.”

शोभा सिस्टर चहा घेऊन गेल्या तर तो तिनं त्याच्या डोळ्याकडे बघत बघतच प्यायला.

जेवायची वेळ टळत आली होती. मी एका आजोबांच्या डोळ्याचं प्रेशर घेत होते. बाहेरून हाक आली, “मॅडम! आलं, आलं!”

आजोबांना तसंच बसवून मी धावले. लॅम्पची गरजच नव्हती. पांढऱ्या भागावर, पडद्याच्या अगदी खाली, एक पांढरट दोरा वळणं घेत सरकत होता. जिवंत.

ते पाहून माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

“सिस्टर, ऑपरेशन थिएटर उघडा. लगेच.”

बसवराज महानंदाचा हात सोडेना, म्हणून तिलाही टोपी-मास्क घालून आत घेतलं. मी भूल देणारे थेंब टाकले. जंत निसटायच्या आत त्याला पडद्यावरूनच चिमट्यात धरायचं, मग बाजूला भुलीचं बारीक इंजेक्शन द्यायचं, पडद्याला कात्रीनं छोटी चीर द्यायची आणि तिथून त्याला न तुटता बाहेर काढायचं. वाचायला एवढंच. करताना मी श्वास धरून ठेवला होता.

“हलू नका.”

“न्हाई हलत.”

“बोलूही नका.”

तो बाहेर आला. लांब, दुधट रंगाचा, सलाईनच्या बाटलीत टाकल्यावरही वळवळणारा.

पट्टी बांधून झाल्यावर बसवराजनं बाटली मागितली. उजेडापुढे धरून तो बराच वेळ बघत राहिला. “म्हंजी मी येडा न्हाई,” तो म्हणाला.

“नाही. आणि ताई, तुम्ही बरोबर पाहिलं होतं.”

दिवसभर जिच्या डोळ्यांची पापणी लवली नव्हती, ती बाई या वाक्यावर रडायला लागली.

माझं काम इथं संपलं, असं मला वाटलं. तसं ते संपलेलं नव्हतं. मी बाटलीचा फोटो नांदेडला सबिहाला पाठवला. सबिहा माझी कॉलेजची मैत्रीण. मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, म्हणजे जंतू आणि जंत ओळखणं हाच तिचा धंदा. दोन मिनिटांत फोन आला.

“ए, ये क्या निकाला तू? लातूरमध्ये?”

“पेशंट कॅमेरूनहून आलाय.”

“लोआच हाय. पन ऐक, एक काढलास म्हणून खूश नक्को होऊ. आत अजून असणार. त्याचं रक्त पाठव. अन् दुपारी घे हां. आपल्या हत्तीरोगाची पिलं रात्री रक्तात येतात, म्हणून आपली लोकं रात्री रक्त घेत फिरतात. याचं उलटं हाय. याची पिलं भर दुपारी येतात. त्याची माशी दिवसा चावते ना, म्हणून.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बसवराज येऊन रक्त देऊन गेला. रक्ताचा थेंब काचांवर पसरून, डब्यात कापूस भरून मी तो डबा नांदेडच्या एसटीनं पाठवला. सबिहाचा माणूस स्टँडवर उभा होता.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज बदललेला होता.

“पेशंट कुठंय?”

“घरी. किल्लारीच्या पुढं गाव आहे.”

“रक्तात पिलंच पिलं हायत. मला मोजता मोजता दमायला झालं. आता नीट ऐक. त्याला हत्तीरोगाची गोळी द्यायची न्हाई. ती गोळी या पिलांनाही मारते. पन एवढी सगळी एकदम मेली तर मेंदूला सूज येते. माणूस बेशुद्ध होतो. जातो कधी कधी.”

“मी कुठं दिलीय गोळी?”

“तू न्हाई गं. आपल्याकडे मोहीम चालू हाय ना. घरोघर वाटतायत.”

आमच्या भागात हत्तीरोग आहे. वर्षातून एकदा त्याच्या गोळ्या घरोघर दिल्या जातात आणि सगळ्यांनी घ्याव्यात, मीही घेते. आमच्या मातीतल्या माणसाला त्या गोळ्या वाचवतात. या एकाच माणसाला त्याच गोळ्या मारू शकल्या असत्या.

मी बसवराजचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. उरलेले पेशंट सहकाऱ्याकडे सोपवले आणि गाडी काढली. औशाच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, समोर उसाचे ट्रॅक्टर. प्रत्येक ट्रॉलीमागे मी मनात हिशेब करत होते, की गोळ्या वाटणाऱ्या आशाताई कुठल्या गल्लीपर्यंत पोचल्या असतील.

गाव भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं. सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात घर विचारलं. “बोअरवाला बसवराज का?” हॉटेलवाला म्हणाला आणि आवाज खाली करून त्यानं विचारलं, “ते लागतंय का हो मॅडम? दुसऱ्याला?”

“नाही लागत.”

“आम्ही कागदी कपात देतोय त्याला चहा.”

घरासमोर मी उतरले तेव्हा बसवराज ओट्यावर बसला होता. डोळ्यावर हिरवी पट्टी. हातात एक दोरी. ती दोरी उंबऱ्यावरून आत गेली होती. तो ती संथपणे ओढत होता, सोडत होता. मला बघून तो उठला, पण दोरी हातातच होती.

“गोळ्या घेतल्या का? हत्तीरोगाच्या?”

“न्हाई,” तो दचकून म्हणाला. “का?”

आतून त्याची आई आली. “आशाताईनं दिल्यात की. ह्यो दवाखान्यात होता म्हणून पुडीत बांधून ठेवून गेल्या. म्या म्हणलं आज जेवण झालं की घे, किडंच मरतील सगळं. तर ही सून कुठं ऐकतीय!”

मागून महानंदा आली. “मॅडम म्हणल्या न्हाईत तवर काय बी द्यायचं न्हाई म्हणलं आत्याबाईला.” तिनं पदराच्या गाठीतून पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

मी ओट्यावर बसले. पाणी मागितलं. मग सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. गोळ्या वाईट नाहीत, तुम्ही सगळ्यांनी घ्या. फक्त यानं घ्यायच्या नाहीत, कारण याच्या रक्तात जे आहे ते आपल्याकडचं नाही. याला आधी दुसरं औषध देऊन पिलं हळूहळू कमी करायची. मग दवाखान्यात दाखल करून, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर पुढचं औषध. वेळ लागेल, पण बरा होईल.

“फोन का बंद ठेवलात?” मी विचारलं.

“समदे फोन करून विचारतेत, डोळ्यातून साप निघला का म्हणून.” तो कसनुसा हसला.

तेवढ्यात आत बाळ कुरकुरलं, आणि त्याचा हात आपोआप हलायला लागला. तेव्हा मला ती दोरी कळली. आतल्या खोलीत पाळणा टांगला होता. दोरीला दुसरी दोरी बांधून, ती लांब करून दारातून बाहेर आणली होती. बाप ओट्यावर बसून लेकीला झोका देत होता.

“हे काय?”

आईच म्हणाली, “आल्यापासून थोडे दिवस घेतलं लेकराला. डोळ्यात ते दिसायलं अन् घेणंच बंद केलंन. आत सुदीक झोपत न्हाई. गोठ्यात झोपतोय.”

“मी तिकडं असताना झाली हो ती,” बसवराज म्हणाला. “फोनवरच बघितली. म्हणलं कधी जाईन अन् कधी घेईन. आलो, अन् हे घेऊन आलो संगट.” तो खाली बघत होता. “तिच्या डोळ्यात गेलं तर काय करू, मॅडम? लई बारीक डोळे हायत तिचे.”

माझ्या कामात वाईट बातमी सांगायची सवय करून घ्यावी लागते. चांगली बातमी सांगायची सवय राहत नाही. मी त्याच्यासमोर सरकून बसले.

“बसवराज, हे माणसाकडून माणसाला होत नाही. जवळ घेतल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, पापा घेतल्यानं नाही. त्याला ती लाल माशीच लागते. ती तुमच्या रक्तातली पिलं पिते, ती तिच्या पोटात वाढतात, मग ती दुसऱ्याला चावते. ती माशी आपल्याकडे नाही. लातूरला नाही, नांदेडला नाही, कुठंच नाही.”

“अन् आपली माशी? डास?”

“त्यांच्या पोटात हे जगत नाही.”

“नक्की?”

“मी माझ्या नातवंडाला तुमच्या मांडीवर देईन.”

महानंदा हे ऐकायला थांबलीच नाही. ती आत गेली आणि बाळाला घेऊन आली. बसवराज उठून हौदावर गेला. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, अंगातला शर्ट काढून दोरीवरचा धुतलेला घातला. मी त्याला अडवलं नाही. मग येऊन तो मांडी घालून बसला आणि दोन्ही हात पुढे केले. अवजड लोखंडी रॉड उचलणारे ते हात, पण बाळ कसं धरायचं हे विसरल्यासारखे अधांतरी होते.

“डोक्याखाली हात घाला,” महानंदा म्हणाली.

बाळानं आधी त्याच्या पट्टीकडे पाहिलं. मग मूठभर पट्टी पकडून ओढली. मी ओरडले, “अगं, डोळा!” आणि सगळेच हसलो. बसवराज सर्वांत जास्त. हसता हसता त्याचा चांगला डोळा वाहायला लागला, तर त्याची माय पुढे होऊन म्हणाली, “बग की, आता कुठं काय फिरायलंय त्यात?”

निघताना मी हॉटेलवर थांबले. हॉटेलवाल्याला आणि बाकावरच्या माणसांना सगळं समजावलं. माशीचं नीट सांगितलं. एकानं विचारलं, “म्हंजी आमच्या पोरानं मस्कतला जाऊ नये का?” मी म्हटलं, “जाऊ दे की. माणसं कामाला जाणारच. फक्त आल्यावर काही झालं तर डॉक्टरला आधी सांगायचं, कुठून आलोय ते.” मग राहिल्या आशाताई. त्यांना फोन करून त्यांच्या नोंदीत बसवराजच्या नावापुढे ‘गोळी देऊ नये’ असं लिहायला लावलं. त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं आणि गावातून बाहेरदेशी जाऊन आलेले आणखी कोण आहेत, हेही आपणहून विचारून काढलं.

पुढचं काम माझं नव्हतं. लातूरच्या एका फिजिशियननं ते केलं, सबिहा नांदेडहून रक्त तपासत राहिली. आधी कित्येक आठवडे एक औषध. मधे मनगट सुजलं, अंगाला खाज सुटली, बसवराज कंटाळला. पिलं पुरेशी कमी झाल्यावर त्याला दाखल केलं आणि मुख्य औषध अगदी कणभरापासून सुरू केलं. ताप आला, डोकं दुखलं, उतरलं. एका दुपारी सबिहाचा मेसेज आला, “काच कोरी. एक बी न्हाई. मिठाई भेज.”

लेकीचं बारसं त्यांनी तोवर लांबवलं होतं. मला बोलावलं, मी गेले. अर्धं गाव आलं होतं. अर्धं आलं नाही. नाव आत्यानं ठेवलं, कानात फुंकलं आणि मग पाळणा बापानं हातानं, अगदी जवळ बसून हलवला. हॉटेलवाला चहा वाटत होता आणि त्या दिवशी सगळ्यांनाच कागदी कप होते. त्यामुळे त्याचं मन बदललं की नाही, ते मला सांगता येणार नाही.

बसवराज आता औसा-निलंगा भागातच बोअरच्या गाडीवर आहे. परत जाणार का, असं मी विचारलं होतं. “तिकडं पाणी लागलं की सगळं गाव नाचायचं हो,” तो म्हणाला. “याद येती. पन आता हिला सोडून करमत न्हाई.”

धडा म्हणाल तर साधाच आहे आणि तो आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेला असतो. पेशंटला विचारायचं, कुठे राहून आलात. आमच्या लहान शहरांत आम्ही तो प्रश्न गाळतो, कारण आमचा पेशंट फार तर पुण्याला जाऊन आला असेल, असं आम्ही धरून चालतो. ते आता खरं राहिलेलं नाही. लातूरची मुलं जॉर्जियात डॉक्टरकी शिकतात, उदगीरचे ड्रायव्हर सौदीला आहेत, मुदखेडचा वेल्डर नायजेरियाहून येतो आणि तिसऱ्या दिवशी ताप घेऊन बाकावर बसतो. आता मी प्रत्येकाला विचारते. परवा मोतीबिंदूच्या एका आजींना विचारलं, “मावशी, एवढ्यात कुठं बाहेर जाऊन आलात का?”

त्या बराच विचार करून म्हणाल्या, “अंबाजोगाईला. लेकीकडं. दोन दिस ऱ्हाऊन आले. का, चालत न्हाई का?”

चालतं, म्हटलं, आणि कागदावर लिहून घेतलं.